वाचकांचे प्रश्न : कोळसा धरतो, जिवाणू खातात

बायोचारवर जिवाणू वसवून सांडपाणी शुद्ध करण्याविषयी मागच्या अंकात लेख आला होता. त्याचा गाभा थोडक्यात असा : कमी हवेत भाजलेला काडीकचऱ्याचा कोळसा, म्हणजे बायोचार, पाण्यातली घाण आपल्या अंगाला धरून ठेवतो. त्याच कोळशावर वस्तीला आलेले जिवाणू ती घाण खाऊन संपवतात आणि कोळशाची जागा पुन्हा मोकळी करतात. या लेखावर बरीच पत्रे आली. ज्यांची उत्तरे इतरांनाही उपयोगी पडतील, ती येथे घेतली आहेत.

दर हंगामाला पाच एकरांतल्या पऱ्हाट्या (कापूस वेचून उरलेली झाडे) निघतात आणि बांधावरच जळून जातात. त्यांचा बायोचार पाणी गाळायला चालेल का? की बाजारातला कोळसा आणला तरी भागेल? (यवतमाळ)

पऱ्हाटी चालते, आणि चांगली चालते. नीट भाजलेल्या पऱ्हाटीचा तुकडा आडवा मोडा आणि कडेला भिंग धरा. मधमाशांच्या पोळ्यासारखी भोके दिसतील. झाड जिवंत असताना पाणी वर चढायचे ती ही नळकांडी. काही दहा मायक्रोमीटर रुंद, म्हणजे एक-दोन मायक्रोमीटरच्या जिवाणूला ऐसपैस घर. कोळशात याहून हजारपट बारीक छिद्रेही असतात, पण त्यांत जिवाणू शिरूच शकत नाही. तिथे फक्त प्रदूषकाचे रेणू अडकतात. म्हणून विक्रेता ‘एका ग्रॅमला इतके चौरस मीटर पृष्ठफळ’ असा आकडा सांगतो तेव्हा तो कोळसा किती धरेल एवढेच कळते. त्यावर किती वस्ती होईल, हे त्यातून कळत नाही.

भाजण्यासाठी वरून दीड मीटर, तळाशी अर्धा मीटर रुंद आणि एक मीटर खोल असा उतरत्या कडांचा खड्डा पुरतो. पऱ्हाट्या कडक वाळलेल्या हव्यात, मोडताना ‘कट्’ असा आवाज आला पाहिजे. तळाशी थोडी काडी रचून ती वरून पेटवा. निखारा धरला की एक पातळ थर टाका. त्या थरावर पांढरट राखेची साय दिसू लागली की पुढचा थर. वर ज्वाळा कायम असली म्हणजे खालच्या कोळशाला हवा मिळत नाही, तो जळून राख होत नाही, आणि धूरही ज्वाळेत जळतो. धूर दाटला तर थर जाड पडला किंवा काडी ओली आहे असे समजा. पांढरी राख जास्त जमू लागली तर तुम्ही थर टाकायला उशीर करताय. खड्डा भरत आला की पाणी ओतून पूर्ण विझवा. त्यासाठी किमान 600 लिटर पाणी पेटवण्याआधीच शेजारी भरून ठेवा. माती टाकून विझवलेला कोळसा आत धुमसत राहू शकतो आणि वाया जातो. शंभर किलो वाळलेल्या पऱ्हाट्यांतून 15 ते 25 किलो कोळसा हाती लागतो.

आता परीक्षा. कोळशाची पूड तळहातावर चोळा आणि नुसत्या पाण्याने हात धुवा. काळे निघून गेले तर भाजणी पूर्ण झाली. साबण लावावा लागला तर आत डांबर शिल्लक आहे. असा कोळसा तपकिरी दिसतो, पाण्यात टाकल्यावर तेलाचा तवंग सोडतो, आणि त्यातून सुटणारी फिनॉलसारखी द्रव्ये नव्याने वसणाऱ्या जिवाणूंनाच मारतात. तो पुन्हा भाजा.

कोळसा कुटून चाळा. 2 ते 5 मिलिमीटरचा दाणा ठेवा, बारीक भुगा शेणखतात टाका. हा भुगा तसाच राहिला तर दोन महिन्यांत थर तुंबतो, आणि सर्वांत जास्त थर तुंबतात ते याच कारणाने. मग दाणा पाण्यात भिजत घाला, दोन-तीन दिवस, रोज पाणी बदलून. सुरुवातीला राखेमुळे पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कतेचे माप, 7 म्हणजे उदासीन) 10 च्या आसपास असतो. तो 8.5 च्या खाली येईपर्यंत आणि धुण्याचे पाणी नितळ दिसेपर्यंत धूत राहा. भिजवण्याचे आणखी एक कारण आहे : कोरडा कोळसा तरंगतो. तो तसाच टाकीत भरला तर पहिल्याच पाण्याला सगळा थर उचलला जातो.

बाजारातला लाकडी कोळसा साबणाच्या परीक्षेत उतरला तर चालेल. शेगडीसाठी मिळणाऱ्या कोळशाच्या वड्या मात्र नकोत, त्यांत चिकट द्रव्य घातलेले असते. साखर कारखान्याच्या बॉयलरची राखही बायोचार नव्हे. भाताच्या तुसाचा कोळसा फार बारीक आणि राखट, एकट्याने वापरला तर हमखास तुंबतो.

पऱ्हाट्या वेळेवर उपटून शेताबाहेर काढल्या की गुलाबी बोंडअळीचा पुढच्या हंगामाचा आसराही जातो. त्यामुळे हे काम फेब्रुवारीच्या पुढे ढकलू नका.

पाच माणसांचे घर आहे. न्हाणी आणि कपडे धुण्याचे पाणी 200 लिटरच्या एका पिंपातल्या बायोचारमधून सोडले. तीन आठवड्यांत वर पाणी साचू लागले. पिंपात काय चुकले? (नाशिक)

पिंपात काही चुकले नाही, पिंप लहान पडले. हिशोब मांडून पाहा. पाच माणसांचे न्हाणी-धुण्याचे पाणी रोज सुमारे 300 लिटर. त्यात लिटरमागे 200 मिलिग्रॅम बीओडी धरली (घाण कुजवायला जिवाणूंना जितका प्राणवायू लागतो त्याचे हे माप), तर रोजची घाण 60 ग्रॅम. हवा न फुंकता, पाणी वरून झिरपवून चालणाऱ्या थराला एका चौरस मीटरमागे दिवसाला 20 ग्रॅम बीओडीपेक्षा जास्त भार देऊ नये. म्हणजे तुम्हाला 3 चौरस मीटर जागा लागते. पिंपाचे तोंड आहे जेमतेम पाव चौरस मीटर. बारापट भार पडला तर जिवाणू इतके माजतात की त्यांचा बुळबुळीत थर भोके बुजवतो. हवा आत जाणे थांबते आणि मग सगळेच कुजते.

2 मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि एक मीटर खोल अशी विटांची टाकी बांधा. तळाला 15 सेंटीमीटर मोठी खडी, त्यावर 5 सेंटीमीटर बारीक खडी, त्यावर 60 सेंटीमीटर बायोचार, आणि कोळसा हलू नये म्हणून वर पुन्हा 5 सेंटीमीटर बारीक खडी. कोळसा 1.8 घनमीटर लागेल, वजनाने साधारण 350 ते 400 किलो. म्हणजे वाळलेल्या पऱ्हाट्या जवळपास दोन टन. तळाच्या खडीतून एक उभा पाइप टाकीच्या वर काढा आणि त्याचे तोंड जाळी लावून उघडे ठेवा. हवा खालूनही आली पाहिजे. हा पाइप अनेक जण बसवतच नाहीत, आणि दुर्गंधीची तक्रार बहुधा त्यांच्याचकडून येते.

टाकीच्या आधी 300 ते 400 लिटरची निवळणी टाकी हवी, म्हणजे केस, कपड्यांचा कीस आणि साबणाची साय तिथेच राहील. पाणी वर पसरवायला 32 मिलिमीटरचे पीव्हीसी पाइप घ्या, त्यांना दर 30 सेंटीमीटरवर 5-6 मिलिमीटरची भोके पाडा. दिवसभराचे पाणी एकदम ओतू नका. सहा ते आठ वेळा थोडे थोडे द्या. प्रत्येक वेळी पाणी उतरताना मागोमाग हवा ओढली जाते आणि त्या हवेवरच तुमचे जिवाणू जगतात.

आता वस्ती. जवळच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात परवानगीने मिळाला तर हवा फुंकण्याच्या टाकीतला 150-200 लिटर गाळ आणा. हातमोजे घाला, तोंडावर कापड बांधा. गाळ धुतलेल्या कोळशावर ओता आणि खाली आलेले पाणी लहान पंपाने पुन्हा वर, असे 48 तास फिरवत राहा. त्यानंतर पहिल्या आठवड्यात रोजच्या पाण्याचा चौथा हिस्सा सोडा, दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात निम्मा, पाचव्यापासून पूर्ण. जिवाणूंचा पहिला थर धरायला तीन-चार आठवडे लागतात. अमोनियाचे नायट्रेट करणारे जिवाणू संथ, त्यांना सहा ते आठ आठवडे द्या. नाशिकच्या थंडीत आणखी. शक्यतो मार्चमध्ये सुरुवात करा.

स्वयंपाकघराचे पाणी पुढे कधी जोडलेत तर त्याआधी तेल-तुपाचा सापळा बसवा. आणि न्हाणीघर ॲसिडने किंवा ब्लीचिंगने धुता त्या दिवशी ते पाणी बाजूला काढा. एका धुण्याने महिन्याची वस्ती उजाड होते.

शेणाच्या काल्यातून जिवाणू नाही का मिळत? की दुकानातली जिवाणूंची पावडर घ्यावी? (सोलापूर)

शेणात जिवाणू भरपूर, पण त्यांतले बहुतेक गाईच्या पोटात, हवेविना जगणारे. हवेशीर थरात त्यांतले थोडेच टिकतात. चालते, पण दुप्पट वेळ लागतो. घरगुती पाण्यासाठी पावडरची गरज नाही. फिनॉल किंवा डिझेलसारखे खास प्रदूषक असेल तर तेच प्रदूषक बरीच वर्षे जिथे पडत आले आहे तिथली मूठभर माती हे सर्वांत चांगले विरजण. तिथे त्या खाण्याला सरावलेले स्यूडोमोनास, ऱ्होडोकॉकस यांच्यासारखे जिवाणू आधीच निवडले गेलेले असतात.

लहानसे डाइंग युनिट आहे. सूत रंगवल्यानंतरचे रोजचे 1000 लिटर पाणी तीन पिंपांतल्या 100 किलो बायोचारमधून सोडतो. बारा दिवस पाणी अगदी पांढरे आले, तेराव्या दिवसापासून रंग दिसू लागला. जिवाणू मेले का? (इचलकरंजी)

मेले नाहीत. बहुधा ते कामाला लागलेच नव्हते. पहिले बारा दिवस सगळे काम कोळशाने एकट्याने केले. समजा पाण्यात लिटरमागे 100 मिलिग्रॅम रंग आहे. रोजचा झाला 100 ग्रॅम, बारा दिवसांचा 1200 ग्रॅम. म्हणजे किलोमागे 12 ग्रॅम रंग धरून तुमचा कोळसा भरला. रिॲक्टिव्ह (सुताशी रासायनिक जोड करून पक्के बसणाऱ्या) रंगांसाठी साधा बायोचार साधारण एवढेच धरतो. ‘मिथिलीन ब्लू इतके शोषतो’ हा पिशवीवरचा आकडा पाहून फसू नका. मिथिलीन ब्लू हा चाचणीत वापरला जाणारा निळा रंग धन भाराचा आहे, तुमचे रिॲक्टिव्ह रंग ऋण भाराचे, आणि अल्कधर्मी पाण्यात कोळशाचे अंगही ऋण भाराचे. ते एकमेकांना दूर ढकलतात.

रंग धरला जातो आहे की संपतो आहे, हे तुम्हीच तपासू शकता. वापरलेला कोळसा 10 ग्रॅम घ्या. निम्मा प्रेशर कुकरमध्ये अर्धा तास शिजवून त्यातले जिवाणू मारा. दोन बाटल्यांत 5-5 ग्रॅम घालून 100-100 मिलिलिटर रंगाचे पाणी भरा, घट्ट झाका आणि पाच दिवस ठेवा. दोन्हींत रंग सारखाच उतरला तर तुमच्याकडे नुसता कोळसा आहे, वस्ती नाही. जिवंत बाटली स्पष्टपणे पुढे गेली तरच जिवाणूंचे काम सुरू झाले. आणखी एक ताळा : जुना कोळसा कॉस्टिक सोड्याच्या सौम्य द्रावणात (लिटरला 4 ग्रॅम, हातमोजे घालून) हलवा. द्रावणात भरपूर रंग उतरला तर तो आत तसाच पडून होता.

आता खरी अडचण. तुमच्या रंगांत अनेक ‘ॲझो’ जातीचे असतील. त्यांत नायट्रोजनच्या दोन अणूंचा जो जोड रंग दाखवतो, तो जिवाणू हवा नसतानाच पटकन तोडतात. त्यामुळे सगळ्या पिंपांत हवा फुंकली तर रंग हलत नाही. पण हवेविना जोड तुटल्यावर ॲरोमॅटिक अमाइन उरतात. त्यांना रंग नसतो, त्यांतली काही विषारी असतात, आणि ती मोडायला हवा लागते. म्हणून पाणी पांढरे दिसले की काम झाले असे मानणे ही या धंद्यातली सर्वांत धोक्याची समजूत आहे. त्या पाण्यात नदीच्या दृष्टीने मूळ रंगापेक्षा वाईट काही असू शकते.

मांडणी अशी बदला. पहिली दोन पिंपे झाकणबंद, पाण्याने पूर्ण भरलेली, पाणी खालून वर जाणारे. तिसऱ्यात हवा फुंका, विरघळलेला प्राणवायू लिटरला 2 मिलिग्रॅमच्या खाली जाऊ देऊ नका. प्रत्येक टप्प्यात पाणी किमान 24 तास राहिले पाहिजे. तुमच्या पिंपांत कोळसा वगळता पाण्याची जागा प्रत्येकी सुमारे 100 लिटर, म्हणजे 1000 लिटर पाणी प्रत्येक पिंपात अडीच तासही थांबत नाही. खरे तर दोन्ही टप्प्यांना 1000-1000 लिटर पाणी मावेल अशा टाक्या हव्यात, किंवा रोज 100 लिटरवरच प्रयोग करा. हवेविना चालणाऱ्या टप्प्यात कोळसा फक्त घर राहत नाही. त्याच्या अंगावरचे क्विनोन गट जिवाणूंकडून इलेक्ट्रॉन घेऊन रंगाकडे पोचवतात, त्यामुळे जोड तुटण्याचा वेग वाढतो. नुसत्या खडीवर हे होत नाही.

पण टाकीत पाणी येण्याआधी चार गोष्टी तपासा. पीएच 10-11 असतो, तो 7.5 ते 8 वर आणा. गंधकाम्लाने उतरवू नका. सल्फेट वाढते, आणि बंद टाकीतले जिवाणू त्याचा हायड्रोजन सल्फाइड करतात. रंगाईत ग्लॉबर मीठ (सोडियम सल्फेट) वापरत असाल तर हा धोका आधीच आहे. सडक्या अंड्याचा वास आला तर टाकीत वाकून पाहू नका, हा वायू माणूस मारतो. बॉयलर असेल तर धुराड्यातला कार्बन डायऑक्साइड पाण्यातून सोडून पीएच उतरवणे बरे. दुसरे, पाणी 38 अंशांच्या खाली थंड होऊ द्या. तिसरे, ब्लीचिंगचे पाणी वेगळे ठेवा. स्टार्च-आयोडाइडची पट्टी निळी झाली तर पाण्यात क्लोरिन किंवा पेरॉक्साइड शिल्लक आहे, ते पाणी सोडायचे नाही. चौथे, खाद्य. रंगाच्या पाण्यात जिवाणूंना पोटभर अन्न नसते, म्हणून थोडी उसाची मळी (मोलॅसिस) घालावी लागते. कांजीचे पाणी असेल तर तेच चालते. नायट्रोजन आणि फॉस्फरस तपासणीत कमी निघाले तर हवेच्या टप्प्यासाठी 1 किलो बीओडीमागे 50 ग्रॅम डीएपी आणि 90 ग्रॅम युरिया, हे प्रमाण धरा. जास्त घातलेत तर तेही प्रदूषणच.

मीठ कुठलाच जिवाणू खात नाही. म्हणून रंगाच्या पहिल्या बाथचे (सूत ज्या मीठ घातलेल्या रंगपाण्यात बुडवता त्याचे) खारट पाणी वेगळे काढा आणि धुवणाचे पाणीच या टाक्यांत घाला. आणि ही व्यवस्था सामाईक शुद्धीकरण केंद्राच्या आधीची पायरी आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आणि तिच्यातल्या अटी तशाच लागू राहतात. पंचगंगेत थेट सोडण्याचा परवाना कोळशाच्या पिंपाने मिळत नाही.

दूध संकलन केंद्राचे रोजचे 500 लिटर धुवण बायोचारच्या टाकीत सोडतो. वरचा थर काळा, चिकट झाला आणि वास मारतो. (संगमनेर)

एक लिटर दुधाची बीओडी सुमारे 100 ग्रॅम असते. दोन माणसांच्या दिवसभराच्या मैलापाण्याइतकी. तेव्हा आधी कॅनच्या तळाचे दूध आणि पहिले विसळण वेगळे काढून जनावरांना पाजा. निम्म्याहून जास्त दुखणे तिथेच संपते. मग तुपकटाचा सापळा, आणि कॉस्टिकचे व ॲसिडचे धुवण एका टाकीत एकत्र साठवून पीएच 7-8 झाल्यावरच सोडणे. आत्ता टाकीत पाणी सोडणे आठ-दहा दिवस पूर्ण बंद ठेवा, वरचा 5 सेंटीमीटर थर काढून नवा भरा. काळा थर हवेला उघडा पडला की पुन्हा करडा-तपकिरी होतो, वास मातीसारखा येतो. पुढे एकाऐवजी दोन टाक्या करा आणि आठवड्याआड आलटून पालटून वापरा. विश्रांतीच्या आठवड्यात जिवाणू साचलेला चिकटा स्वतःच खाऊन टाकतात.

क्रोम प्लेटिंगच्या पाण्याला हे चालेल का? (पिंपरी)

मुख्य उपाय म्हणून नाही. धातू हे मूलद्रव्य आहे, जिवाणू ते मोडू शकत नाहीत. काही जिवाणू आणि स्वतः कोळसा सहा-संयुजी क्रोमियमचे कमी विषारी तीन-संयुजी करतात, पण ते जाते कुठेच नाही, कोळशात साठते. अंतर्गत जलाशयात सोडण्याच्या पाण्यात सहा-संयुजी क्रोमियमची मर्यादा लिटरला 0.1 मिलिग्रॅम आहे आणि एकूण क्रोमियमची 2. प्लेटिंगचे पाणी त्याच्या कित्येक पट वर असते. आधी रासायनिक प्रक्रियाच हवी.

जुना झालेला कोळसा शेतात टाकला तर चालतो का? (यवतमाळ, पहिल्याच वाचकाचा दुसरा प्रश्न)

घरच्या न्हाणी-धुण्याच्या पाण्याचा असेल तर चालतो. आधी शेणखताच्या ढिगात दोन-तीन महिने कुजवा, ढीग आतून हाताला चटका बसेल इतका तापला पाहिजे, म्हणजे रोगजंतू मरतात. मग फळझाडांच्या आळ्यात द्या. पालेभाज्या, कांदा, मुळा यांना नको. दूध केंद्राच्या टाकीतला कोळसाही याच वाटेने जाऊ शकतो, मात्र कॉस्टिकमुळे त्यात सोडियम साठतो. काळ्या जमिनीला तो बाधतो, म्हणून आधी साध्या पाण्याने धुवून घ्या.

रंगाच्या किंवा धातूच्या पाण्याचा कोळसा मात्र शेतात, उकिरड्यावर किंवा वीटभट्टीत जाता कामा नये. तो घातक कचरा समजून कोरडा करा, गळणार नाही अशा पिशवीत भरा, नोंद ठेवा आणि अधिकृत वाहतूकदारामार्फत तळोजा, रांजणगाव किंवा बुटीबोरीच्या प्रक्रिया केंद्राकडे पाठवा. हा खर्च पिंपे विकत घेण्याआधीच हिशोबात धरा.